अभ्यासिकेतील जुन्या संगणकांवर लिनक्स: मिंट, लुबंटू की डेबियन?

प्रश्न – अभ्यासिका_सातपूर

नमस्कार मंडळी. नाशिकच्या सातपूर या औद्योगिक भागात आम्ही काही जण मिळून स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी एक छोटी अभ्यासिका चालवतो. तिथे देणगीतून आलेले अकरा संगणक आहेत. त्यांपैकी नऊ इंटेलच्या तिसऱ्या पिढीतील आय-थ्री प्रोसेसरचे असून प्रत्येकी ४ जीबी रॅम व ५०० जीबीची साधी हार्ड डिस्क आहे. उरलेले दोन त्याहून जुने, कोअर टू ड्युओचे, २ जीबी रॅम असलेले आहेत. सगळ्यांवर विंडोज १० होते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचा सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर व टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागत असल्यामुळे तो रस्ता आमच्यासाठी बंद आहे. नवीन अकरा संगणक घेण्याची आमची ऐपत नाही. हे भंगारात द्यावेत असा सल्ला एका दुकानदाराने दिला, पण चालू यंत्रे फेकून द्यायला मन तयार होत नाही.

म्हणून एका आय-थ्रीवर उबंटू २४.०४ (विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत लिनक्स प्रणालीचा एक प्रकार) ची मुख्य आवृत्ती टाकून पाहिली. दिसायला देखणी आहे, परंतु संगणक सुरू केल्यावर फायरफॉक्स पहिल्यांदा उघडायला पाऊण मिनिट लागते, आणि चार टॅब उघडले की माउसचा बाण जागेवरच थांबतो. मुलांची गरज फार मोठी नाही. आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका पीडीएफमध्ये वाचणे, यूट्यूबवरील व्याख्याने ऐकणे, ऑनलाइन अर्ज भरणे आणि मराठी टंकलेखनाचा सराव, एवढेच काम आहे. अभ्यासिकेची जुनी पत्रे व सभासदांच्या याद्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहेत, त्यांचेही काहीतरी करावे लागेल.

माझे प्रश्न असे: हा संथपणा ग्नोम डेस्कटॉपमुळे, म्हणजे उबंटूच्या पडद्यावरच्या दर्शनी भागामुळे, आहे का? मिंट, लुबंटू आणि डेबियन यांपैकी काय निवडावे? लिब्रेऑफिसऐवजी एखादा हलका पर्याय घ्यावा का? आमच्यापैकी कोणीही या विषयातील जाणकार नाही, त्यामुळे उत्तर देताना कारणही सांगितले तर फार बरे होईल.

उत्तर – दुरुस्ती_नाशिकरोड

तुमची यंत्रे भंगारात देऊ नका. मी नाशिकरोडला संगणक दुरुस्तीचे काम करतो आणि याच पिढीची यंत्रे आठवड्याला दोन-तीन तरी माझ्या टेबलावर येतात. त्यांतील बहुतेकांचा प्रोसेसर आजही तुमच्या कामाला पुरेसा असतो.

डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा प्रकार, कोणती हा प्रश्न आपण थोडा वेळ बाजूला ठेवू, कारण नेमके काय संथ आहे हे कळल्याशिवाय डिस्ट्रो बदलत बसणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. एक साधी परीक्षा करा. संगणक सुरू करा, दोन मिनिटे हात लावू नका, मग फायरफॉक्स उघडा आणि किती सेकंद लागले ते घड्याळात पाहा. नंतर फायरफॉक्स पूर्ण बंद करून लगेच पुन्हा उघडा. पहिल्यांदा पंचेचाळीस सेकंद आणि दुसऱ्यांदा पाच-सहा सेकंद लागले, तर दोष प्रोसेसरचा नाही आणि ग्नोमचाही नाही, तो हार्ड डिस्कचा आहे. लिनक्स एकदा वाचलेल्या फाइली मोकळ्या रॅममध्ये जपून ठेवतो, त्यामुळे दुसऱ्या वेळी डिस्ककडे जावेच लागत नाही.

डिस्क एवढी का अडवते, ते हिशेबाने कळेल. तुमची डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १२० फेरे झाले, म्हणजे एक फेरा सुमारे ८.३ मिलिसेकंदांचा. हवा तो भाग वाचणाऱ्या शीर्षाखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चार मिलिसेकंदांहून थोडे अधिक लागतात. त्याआधी शीर्ष योग्य वर्तुळावर सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद जातात. दोन्ही मिळून एका ठिकाणचे वाचन बारा-तेरा मिलिसेकंदांत होते, म्हणजे सेकंदाला जेमतेम ऐंशी ठिकाणे. एखादा मोठा प्रोग्रॅम उघडताना शेकडो छोट्या फाइलींचे हजारो तुकडे इकडूनतिकडून गोळा करावे लागतात. एसएसडीमध्ये, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारे काही नसल्याने हेच काम सेकंदाला हजारो वेळा होते.

त्यामुळे माझा पहिला सल्ला असा, की जो काही निधी असेल तो नऊ संगणकांमध्ये साध्या, लहान सॅटा एसएसडी बसवण्यावर खर्च करा. महागड्या, वेगवान एसएसडीच्या मागे लागू नका. तिसऱ्या पिढीच्या पुष्कळ स्वस्त मदरबोर्डांवर एच-६१ चिपसेट असतो आणि त्याचे सॅटा पोर्ट ३ गिगाबिटचेच आहेत, म्हणजे अधिक वेगवान एसएसडी घेतली तरी तिचा वरचा वेग वायाच जाणार. तुम्हाला हवा आहे तो फायदा शीर्ष न सरकण्याचा, आणि तो सर्वांत साध्या एसएसडीतही मिळतो. जुन्या हार्ड डिस्क काढून टाकू नका, व्याख्याने व पीडीएफ साठवायला त्या तशाच आत राहू द्या.

उबंटूबाबत आणखी एक गोष्ट आहे. २२.०४ पासून उबंटूमधला फायरफॉक्स स्नॅप स्वरूपात येतो. स्नॅप म्हणजे संपूर्ण प्रोग्रॅम एका दाबून बसवलेल्या फाइलीत असतो आणि उघडताना त्यातून एकेक भाग सोडवून घ्यावा लागतो. एसएसडीवर हे फारसे जाणवत नाही, परंतु फिरत्या डिस्कवर पहिल्या वेळी चांगलेच जाणवते. मिंटमध्ये स्नॅप मुळातच बंद असते आणि फायरफॉक्स नेहमीच्या डेब पॅकेजमधून येतो. तुमच्यासारख्या ठिकाणी मी मिंटची एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती टाकतो.

सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी कॅबिनेट मात्र उघडून पाहा. मागच्याच महिन्यात एका कारखान्याच्या कचेरीतून एक आय-थ्री माझ्याकडे आला. त्यावर तीन वेगवेगळ्या डिस्ट्रो टाकून झाल्या होत्या आणि तिन्ही संथ चालतात अशी तक्रार होती. पंखा काढला तर हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा नमदा बसलेला, आणि थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग कमी करतो, आणि हे यंत्र सुरू झाल्यापासून पाच मिनिटांतच त्या अवस्थेला पोहोचत होते. ब्रशने धूळ झाडून नवी पेस्ट लावली आणि आहे तीच डिस्ट्रो व्यवस्थित चालू लागली. तुमची यंत्रे औद्योगिक वसाहतीच्या बाजूला इतकी वर्षे चालली आहेत, तेव्हा हे काम नक्की करून घ्या.

उत्तर – अंबड_लिनक्स

वरच्या उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु डेस्कटॉपचा काहीच दोष नाही असे मी म्हणणार नाही. ८ जीबी रॅम असती तर ग्नोम आणि एक्सएफसीई यांमधला फरक मीही सोडून दिला असता. ४ जीबीमध्ये तो सोडता येत नाही. काहीही उघडलेले नसताना ग्नोम साधारण एक जीबीच्या पुढे जातो, तर एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी हे हलके डेस्कटॉप त्याच्या जवळपास निम्म्यावर भागवतात. वाचलेले चार-पाचशे एमबी म्हणजे ब्राउझरमधले दोन-तीन जड टॅब, आणि आपला बाण थांबतो तो नेमका त्याच सीमेवर.

मोजताना एक चूक बहुतेकांकडून होते. टर्मिनलमध्ये ‘फ्री’ ही आज्ञा दिली की मोकळ्या मेमरीचा आकडा फार लहान दिसतो आणि माणूस घाबरतो. तो रकाना पाहू नये, ‘अव्हेलेबल’ हा रकाना पाहावा. फाइली जपून ठेवण्यासाठी वापरलेली रॅम गरज पडताच परत मिळते, आणि ती ‘अव्हेलेबल’मध्ये धरलेली असते. त्याखालच्या ओळीत स्वॅपचा, म्हणजे रॅम भरल्यावर वापरल्या जाणाऱ्या (सहसा डिस्कवरच्या) जागेचा, वापर सतत वाढत असेल, तर मात्र रॅम खरोखरच अपुरी आहे. स्वॅप फिरत्या डिस्कवर असेल तर वर सांगितलेला ऐंशी ठिकाणांचा हिशेब तिथेही लागू होतो, आणि संगणक हँग झाल्यासारखा वाटतो.

यावर दोन उपाय आहेत. उत्तम उपाय म्हणजे जुन्या बाजारातून डीडीआर-३ची आणखी एक ४ जीबीची पट्टी घेणे. मदरबोर्डवर दुसरा स्लॉट रिकामा असेल तर दोन सारख्या पट्ट्यांमुळे मेमरी दुहेरी मार्गाने चालते, आणि ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच असल्यामुळे त्यालाही याचा लाभ होतो. ते लगेच जमणार नसेल तर झेडरॅम सुरू करावे. हे २०१४ पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे आणि फेडोरा या डिस्ट्रोने २०२० मध्ये, ३३व्या आवृत्तीपासून, ते आपणहून सुरू ठेवायला आरंभ केला. रॅमचाच एक भाग स्वॅप म्हणून वापरला जातो आणि तिथे जाणारी माहिती दाबून ठेवली जाते. नेहमीच्या वापरात ती निम्म्या किंवा त्याहूनही कमी जागेत मावते. प्रोसेसरला थोडे काम वाढते, पण डिस्कची वाट पाहण्यापेक्षा ते कितीतरी परवडते. मिंटमध्ये झेडरॅम-टूल्स हे पॅकेज टाकून रॅमच्या निम्मा आकार द्यावा, एवढे पुरे.

व्हिडिओचा मुद्दा वेगळा आहे, आणि अभ्यासिकेत तोच सर्वांत जास्त छळेल. यूट्यूब शक्यतो व्हीपी-९ किंवा एव्ही-१ या पद्धतीत चित्र पाठवते. तिसऱ्या पिढीच्या इंटेल ग्राफिक्समध्ये एच.२६४ उलगडण्याची सोय आहे, परंतु या दोन पद्धती ते यंत्र ओळखत नाही. मग सगळे ओझे प्रोसेसरवर येते, पंखा ओरडू लागतो आणि व्याख्यान अडखळते. फायरफॉक्समध्ये एच२६४इफाय हे एक्स्टेन्शन बसवले की यूट्यूबकडून एच.२६४ मधलेच चित्र मागवले जाते. फळ्यावरचे अक्षर वाचायला ७२० पुरेसे असते. जाहिराती अडवणारे युब्लॉक ओरिजिनही टाका, कारण बातम्यांच्या पानांवर मजकुरापेक्षा जाहिरातींच्या स्क्रिप्टच जास्त रॅम खातात.

राहिला डिस्ट्रोचा प्रश्न. लुबंटू २४.०४ हलकी आहे, परंतु तिला तीनच वर्षे, म्हणजे एप्रिल २०२७ पर्यंत अपडेट्स आहेत. मिंट २२ ची मालिका २०२९ पर्यंत चालेल. ज्यांच्याकडे पगारी तंत्रज्ञ नाही त्यांनी मेगाबाइट मोजण्याआधी ही वर्षे मोजावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. अकरा यंत्रांवर पुन्हा सगळे बसवायला तुमचे दोन रविवार जातील. नऊ आय-थ्रींना मिंट एक्सएफसीई द्या. दोन कोअर टू ड्युओंवर डेबियन १३ एलएक्सक्यूटीसह टाका. ते प्रोसेसर ६४-बिटचे असल्याने अडचण येणार नाही. फक्त त्यांना ब्राउझरचे काम देऊ नका. टंकलेखनाचा सराव आणि पीडीएफ वाचन एवढेच त्यांच्याकडे ठेवा. पीडीएफदेखील फायरफॉक्समध्ये न उघडता स्वतंत्र वाचकात उघडण्याची सवय मुलांना लावा. ब्राउझरमधला पीडीएफ वाचक जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला आहे, आणि स्कॅन केलेली दोनशे पानांची फाइल त्याला झेपताना त्रास होतो.

उत्तर – मुद्रण_पंचवटी

रॅम आणि डिस्क यांबद्दल वर जाणकारांनी लिहिले आहेच. मी पंचवटीत तीस वर्षे अक्षरजुळणीचे काम करतो, तेव्हा मराठीपुरते बोलतो. निवड करताना हा भाग लोक शेवटी पाहतात आणि मग अडकतात.

टंकलेखनासाठी आधी हे ठरवावे लागेल, की मुले कोणती कळमांडणी वापरणार. इन्स्क्रिप्ट वापरणार असतील तर वेगळे काहीच बसवायला नको. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारत या गटाखाली मराठीची मांडणी असते, ती जोडली की झाले, आणि पार्श्वभूमीला कोणताही जादा प्रोग्रॅम चालत नाही. २ जीबीच्या यंत्रांवर याचेही महत्त्व आहे. टाइपरायटरवर शिकलेल्यांना रेमिंग्टन मांडणी हवी असते, आणि मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्या मुलांना फोनेटिक. या दोन्हींसाठी आय-बस हा कळमांडण्या पुरवणारा प्रोग्रॅम आणि त्याचे एम-१७-एन पॅकेज टाकावे लागते. पाहुण्यांसाठी फोनेटिक ठेवा, परंतु जे सराव करणार आहेत त्यांना आग्रहाने इन्स्क्रिप्ट शिकवा, ही माझी कळकळीची विनंती आहे. तीच मांडणी विंडोजवर, लिनक्सवर आणि इतर भारतीय भाषांतही चालते, आणि एकदा बसलेला हात पुन्हा मोडावा लागत नाही.

जुन्या पत्रांचे काम जास्त नाजूक आहे. त्या काळच्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. फॉन्ट नसला की ‘सभासद’ या शब्दाऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो, आणि तो फॉन्ट लिनक्सवर टाकला तरी मजकूर शोधता येत नाही, क्रमवारीही लावता येत नाही. म्हणून हे सगळे युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वत्र चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, एकदाच बदलून घ्या. रूपांतर करणारी साधने मिळतात, परंतु प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा असल्याने आधी फॉन्टचे नेमके नाव शोधा. रूपांतर झाल्यावर दोन जागा डोळ्यांनी तपासा. पहिली म्हणजे ऱ्हस्व वेलांटी. ‘किल्ला’ या शब्दात जुना फॉन्ट वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर साठवतो, कारण कागदावर ती तशी दिसते. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा, म्हणजे ‘क’ आधी. दुसरी जागा रफाराची. ‘सूर्य’मधला रफार जुन्या फाइलीत ‘य’च्या नंतर असतो, तो आधी यायला हवा. आडनावांच्या यादीत चुका होतात त्या याच दोन ठिकाणी. ‘कुऱ्हाडे’, ‘गोऱ्हे’ अशा नावांतला अर्धा ‘र’ही हाताने पाहा, तो बहुतेक साधनांना चकवतो.

लिब्रेऑफिस बदलू नका. ते उघडल्यावरच रॅम घेते, एरवी नाही. हलके लेखनप्रोग्रॅम आहेत, पण कचेऱ्यांकडून येणाऱ्या डॉक्स फाइलींतले तक्ते त्यांत विस्कटतात. लिब्रेऑफिसच्या प्रगत पर्यायांमधून जावा बंद केले तर ते थोडे लवकर उघडते आणि पत्रव्यवहाराला त्याची गरजही पडत नाही. तिथे देवनागरीचा मूळ फॉन्ट आणि त्याचा आकार रोमन फॉन्टपासून वेगळा ठरवावा लागतो, हे ध्यानात ठेवा. पहिल्या दिवशी प्रत्येकाची तक्रार असते की आकार बदलला तरी मराठी अक्षर लहानच राहते, ती यामुळे. मजकुराची भाषाही मराठी अशी निवडा. भाषा हिंदी राहिली तर ‘श’ आणि ‘ल’ यांची हिंदी वळणे येतात. लोहित देवनागरीसारखा फॉन्ट भाषा पाहून आपली मराठी वळणे देतो.

मंगल फॉन्टमधली फाइल लिनक्सवर उघडली की ओळी सरकतात, कारण तो फॉन्ट विंडोजसोबतच येतो. मजकूर पाठवायचा असेल तर पीडीएफ करूनच पाठवा.

अभ्यासिका_सातपूर (मूळ प्रश्नकर्ता)

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. या रविवारी आम्ही चौघे बसलो आणि सांगितल्याप्रमाणे एकेक गोष्ट करून पाहिली.

उबंटू असलेल्या यंत्रावर फायरफॉक्सला पहिल्या वेळी ४६ सेकंद लागले आणि बंद करून लगेच उघडल्यावर ७. म्हणजे डिस्कचाच दोष निघाला. त्याच यंत्राचे कॅबिनेट उघडले, तर धूळ होती, पण वर वर्णन केले तेवढी नव्हती. मात्र दुसऱ्या दोन यंत्रांचे पंखे अक्षरशः फिरतच नव्हते, आणि तीच दोन ‘बिघडलेली’ म्हणून आम्ही कोपऱ्यात ठेवली होती. मग त्याच जुन्या हार्ड डिस्कवर मिंट एक्सएफसीई टाकले. पहिल्या वेळचा आकडा २३ सेकंदांवर आला. झेडरॅम सुरू करून सहा टॅब आणि एक व्याख्यान एकाच वेळी चालवले, तेव्हा बाण अडखळला, परंतु थांबला नाही. एच२६४इफाय टाकल्यावर पंख्याचा आवाज खाली आला, तो खोलीतल्या सगळ्यांना कळला.

निधीतून सध्या चारच एसएसडी घेता येतील. त्या अर्ज भरण्याच्या चार यंत्रांत बसवू, कारण शेवटच्या दिवशी तिथेच रांग लागते. पंचवटीच्या काकांचे म्हणणे तंतोतंत खरे ठरले: सभासदांच्या यादीत १४० नावांपैकी अकरा नावे चुकीची बदलली गेली, आणि त्यांपैकी सहा रफाराची होती.

एक शंका उरली आहे. आमच्या हिशेबाचे काम एक सभासद टॅलीवर करतात आणि त्यांच्याकडे डिजिटल सहीचे टोकनही आहे. ते लिनक्सवर चालेल का?

उत्तर – अंबड_लिनक्स

टॅली विंडोजसाठीच बनते. वाइनमधून (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या साधनातून) चालवण्याची खटपट हिशेबाच्या कामासाठी करू नये, मधेच अडले तर वर्षाचा हिशेब अडकेल. टोकनच्या कंपनीकडे लिनक्सचा ड्रायव्हर आहे का ते पाहा, आणि ड्रायव्हर असला तरी ज्या संकेतस्थळावर सही करायची ते लिनक्स स्वीकारते का, हेही पाहा. सभासदांकडे स्वतःचा विंडोज ११ चा लॅपटॉप असेल तर हे काम तिथेच राहू द्या. अभ्यासिकेतल्या एखाद्या यंत्रावर त्यासाठी विंडोज १० ठेवायचे ठरवले, तर ते यंत्र इंटरनेटला जोडू नका; मग सहीचे काम त्यावर होणार नाही, फक्त हिशेब होईल.

कोपऱ्यातल्या त्या दोन यंत्रांना नवे पंखे बसवले की इथे जरूर कळवा. त्यांवर मिंट टाकण्याआधी रॅमची चाचणी मात्र रात्रभर चालवून घ्या. पंखा बंद असताना जी यंत्रे चालत राहिली, त्यांचे इतर भागही तापलेले असतात.

उत्तर – दुरुस्ती_नाशिकरोड

पंखे विकत घेऊ नका. माझ्याकडे त्याच सॉकेटचे जुने पण चांगले चार पंखे पडून आहेत. शनिवारी दुपारनंतर दुकानात या, पेस्टही लावून देतो. येताना मदरबोर्डवरचा मॉडेल नंबर लिहून आणा, म्हणजे रॅमच्या पट्ट्या कोणत्या बसतील तेही तिथेच पाहू.